कोंडबा झाला

आडवळीच्या कुस्ती मैदानात एखाद्याची पकड काही केल्या सुटेनाशी झाली की लोक खुशीत येऊन म्हणतात, "कोंडबा झाला!" आणि मैदानाला लागूनच जो कॉम्प्युटर क्लास आहे, तिथे मशीन हँग झाले, माऊस हलेना, कीबोर्ड ऐकेना, की पोरी कपाळाला हात लावून तेच म्हणतात, "कोंडबा झाला." शब्द एकच. एकीकडे त्यावर फेटा बांधतात, दुसरीकडे प्लग उपटतात. पाहुण्यांना याची भारी गंमत वाटते. गावची जुनी माणसे त्यांना पोटभर हसू देतात आणि मग तळ्याच्या बांधावर घेऊन जातात.

तिथे तळ्याचे पाणी सोडायच्या मोरीच्या आतल्या काळ्या दगडात दोन खळगे आहेत. ते कोंडबाच्या पायांचे, असे सांगतात.

कोंडबा हा तात्याबा वस्तादांचा पट्ठा. पटकीच्या साथीत आईबाप गेलेले पोर वस्तादांनी तालमीत आणून पोटच्यासारखे वाढवले. तालमीत त्यांचा कायदा होता: धरलेली पकड वस्तादांनी 'सोड' म्हटल्यावरच सोडायची. समोरचा गयावया करो, बघणारे घसा फोडोत, हात ढिला पडता कामा नये. इतर पोरे कधीमधी चुकायची आणि मार खायची. कोंडबा कधीच चुकला नाही, आणि वस्ताद ते चार गावांत छाती फुगवून सांगायचे.

एका श्रावणात तळे काठोकाठ भरले आणि मोरीचे लाकडी दार निखळू लागले, असे म्हणतात. दार गेले असते तर पाण्याने बांध पोखरला असता आणि खालची आळी माणसांसकट वाहून गेली असती. कोंडबा कमरेला दोर बांधून मोरीत उतरला, दाराला पाठ लावली आणि समोरच्या दगडावर पाय रोवले. फटींतून येणारे पाणी त्याच्या घोट्यापर्यंत आले होते.

"खालची मानसं वर येस्तवर धर," वस्ताद वरून म्हणाले. "म्या सोड म्हणंस्तवर सोडायचं न्हाई. दुसऱ्या कुनाचं ऐकू नगंस."

"तुमच्याबिगर कुनाचं ऐकलंय का कवा, वस्ताद?"

वस्ताद खाली पळाले. दारोदार ओरडत सुटले. पण संसार का असा उचलून निघतो? कुणी शेळ्या सोडत बसले, कुणी जाते उचलायला लागले, एक म्हातारा तर देव घेतल्याशिवाय हलेना. वस्तादांनी हात जोडले, शिव्या दिल्या, दोघांना फरफटत बाहेर काढले. ओरडून ओरडून घसा सोलला. प्रत्येक उंबऱ्यावर त्यांना मोरीतले पोर दिसत होते.

शेवटचे घर बुरुडाचे. त्याची सून अडलेली. सुईण म्हणाली, आता हलवली तर दोन्ही जीव जातील. वस्ताद अंगणात भिंतीला डोके टेकून उभे राहिले. वर जाऊन 'सोड' म्हणावे तर ही मायलेकरे मरतात; न म्हणावे तर आपले पोर मरते. त्यांनी देवीला नवस बोलला, मग तिलाच दूषणे दिली. पण जागचे हलले नाहीत.

बाळ रडले. बाळंतिणीला घोंगडीत घालून वर नेले आणि वस्ताद धापा टाकत बांधावर चढले. पाणी कोंडबाच्या गळ्याशी होते. त्याने मान वर करून वस्तादांकडे पाहिले. वस्तादांनी तोंड उघडले, पण आवाज फुटला नाही. घशात नुसती घरघर.

सारा गाव ओरडला, "सोड, कोंडबा, सोड!" तो वस्तादांच्या तोंडाकडेच बघत राहिला. वस्तादांनी हातवारे केले, छाती बडवून घेतली. हाताची खूण तालमीत कधी शिकवलीच नव्हती. माणसांनी दोर ओढला; पण ज्याला कुणी पैलवान हलवू शकला नव्हता, तो दोराने काय हलणार? दोर तुटला. वस्तादांनी पाण्यात उडी घ्यायला धाव घेतली, तर लोकांनी त्यांनाच धरून ठेवले.

बांध फुटला नाही. पाणी ओसरले तेव्हा कोंडबा तसाच सापडला, दाराला पाठ लावून. गाव म्हणाला, पकड असावी तर अशी. वस्ताद म्हणाले, "पकड कसली? माज्या शब्दात अडकून पडलं लेकरू." 'कोंडबा झाला'चे दोन अर्थ त्याच दिवशी झाले, असे जुनी माणसे सांगतात. पुढे आवाज परत आल्यावर वस्ताद मोरीवर वाकून 'सोड, बाळा, सोड' म्हणत बसायचे म्हणे.

आजही आडवळीच्या तालमीत नवे पोर आले की वस्ताद त्याला आपले मनगट घट्ट धरायला लावतात आणि गप्प बसतात. पोर कावरेबावरे होऊन बघत राहते. हात दुखतो, घाम येतो, तरी वस्ताद तोंडातून शब्द काढत नाहीत. पोराने आपल्या मनाने सोडल्याशिवाय त्याला पहिला डाव शिकवत नाहीत.