हार आणि हेल्मेट

एका गावात केरबानाना नावाचे एक गॅरेजवाले राहत. तिथल्या मोटारसायकलवाल्यांचे ते पुढारी. नदीच्या पुलावरून ट्रॅक्टर जायचे, मोटारी जायच्या, बंदी तेवढी दुचाकींना. का, तर म्हणे हे लोक बेफाम चालवतात. त्यापायी दूधवाल्यांना आणि नर्सबाईंना पलीकडे जायला रोज बारा किलोमीटरचा वळसा पडे.

पूल खुला व्हावा म्हणून नानांनी तालुक्याच्या साहेबांकडे दोन वर्षं अर्ज केले. साहेब कधी मीटिंगला, कधी रजेवर, आणि असलेच तर जेवायला. नाना मेटाकुटीला आले. मग राग निघायचा आपल्याच लोकांवर. कारण गावाची रीतच अशी, की हेल्मेट कोपराला अडकवायचं आणि पोलीस दिसला की डोक्यावर चढवायचं.

"डोकं काय कोपरात आहे का रे तुमचं?" नाना खेकसायचे. "तुमच्यामुळेच पूल बंद आहे!"

शेवटी साहेबच कंटाळले. म्हणाले, "गुरुवारी मी स्वतः पुलावर उभा राहतो. सगळे शिस्तीत गेले तर पूल खुला. एकजण जरी चुकला, तर पुन्हा अर्ज आणायचा नाही."

नानांनी आठवडाभर सगळ्यांकडून तालीम करून घेतली. गुरुवारी चाळीस गाड्या हेल्मेटसकट, डावी बाजू धरून, सावकाश पलीकडे गेल्या. साहेब चक्क हसले. आता राहिले एकटे नाना.

तेवढ्यात नानांना आठवलं, साहेबांना घालायचा हार गॅरेजातच राहिला! ते धावत गेले, हार घेतला आणि गाडीला किक मारली. हेल्मेट घालायला कितीसा वेळ लागतो? पण नानांना घाई. हार हँडलला, हेल्मेट कोपराला, आणि स्वारी हॉर्न वाजवत उजव्या बाजूने भरधाव पुलावर.

पुलाच्या पलीकडच्या टोकाला साहेबांनी हात आडवा केला.

"अहो साहेब, मी यांचा पुढारी! यांना शिस्त मीच लावली."

"मग तुम्हाला कोणी लावायची?"

साहेबांनी हार घेतला नाही. पूल बंदच राहिला. पलीकडे गेलेल्या चाळीस जणांना घरी परतायलाही वळसाच घ्यावा लागला.

नर्सबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "उद्या पलीकडच्या वाडीतल्या पोरांना लस मी काय उडत जाऊन देऊ, नाना?"

सगळ्यांच्या मागून नाना बारा किलोमीटर गेले, हेल्मेट डोक्यावर घालून.

तात्पर्य: चौघांच्या हक्कासाठी भांडणाऱ्याने नियमातून स्वतःला सूट देऊ नये, त्याच्या एका चुकीची शिक्षा चौघांना भोगावी लागते.