जयसिंगरावांच्या अंगठ्या

सावंतवाडीच्या शालिनीकाकू मेस्त्रींकडे सासऱ्यांनी हाताने घडवलेली बिलियर्ड्सची जुनी काठी होती. गळकं छप्पर दुरुस्त करायला ती विकणं भाग होतं. पण भाव सांगायला येणारे जाणकार जयसिंगराव दर वेळी काठी न्याहाळून, नाक मुरडून निघून जात. काकू अगदी कावून गेल्या होत्या.

त्या दिवशीही जयसिंगरावांनी बोटांतल्या अंगठ्या उतरवल्या, काठी अलगद उचलली आणि उजेडात फिरवून पाहिली.

"काकू, हिच्यावर कारागिराचं नावसुद्धा नाही. हे निव्वळ जळण आहे. फार तर शंभर रुपये देईन."

काकूंचा संयम सुटला.

"अहो, मी रोज चुलीत जळण घालते. पण त्यावर ओरखडा उठेल म्हणून मी कधी हातातल्या बांगड्या काढल्या नाहीत. तुम्ही अंगठ्या कशाला काढल्यात?"

जयसिंगराव गोरेमोरे झाले. शेवटी पुटपुटले, "अशी काठी आता कोणी घडवत नाही. चाळीस हजार देतो."

काकूंनी काठी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"बरं झालं, भाव कळला. आता गिऱ्हाईक दुसरं बघते."