मुरायला ठेवलेली शाळा

ठण्ण. एका गावात एक भोळा शिपाई होता, गेणबा, आणि लहानपणी ऐकलेली शाळा सुटल्याची ही घंटा अजून त्याच्या कानात वाजायची. दुसरीतच त्याचं शिकणं थांबलं. मोठेपणी घंटा वाजवायचंच काम मिळालं, तेव्हा त्याला आणखी काही नको होतं.

एक दिवस वरून हुकूम आला. शाळा पाचऐवजी सातला सोडायची.

"कशाला हो गुरुजी?" गेणबानं मोरगे गुरुजींना विचारलं.

"जास्त वेळ ठेवलं की शिक्षण मुरतं म्हणे."

गेणबाला पटलं. दुपारी शाळेत रांधणारी शेवंताक्का पोरांची खिचडी त्याच्यावर सोपवून बाळंतिणीला बघायला गेली. त्यानं ती दोन तास जास्त चुलीवर ठेवली. करपून कोळसा झाला. त्या दिवशी पोरं पाणी पिऊन बसली.

"मेल्या, घड्याळ कशाला बघतोस?" अक्का म्हणाली. "एक शीत दाबायचं. मऊ लागलं की झालं. लगेच उतरवायचं."

गेणबाला हेही पटलं. संध्याकाळी गुरुजी म्हणाले, "सायकलीत हवा भर." त्यानं चाक दाबलं. मऊ लागलं. त्यानं चाक उतरवून ठेवलं.

गुरुजी तीन मैल चालत घरी गेले. सकाळी म्हणाले, "मऊ म्हणजे झालं, हे खिचडीचं. चाकाचं नाही. यापुढं काही दाबलंस तर आधी मला मोठ्यानं सांग. आणखी एक चूक कर, घंटा दुसऱ्याच्या हाती देतो."

गेणबा दिवसभर तेवढंच घोकत राहिला.

मग हुकूम काढणारे साहेबच आले. शिक्षण कितपत मुरलं ते बघायला मागच्या खुर्चीत बसले. साडेसहा झाले. सतराचा पाढा चालला होता. पोरं पेंगत होती. गेणबा घंटेचा हातोडा घेऊन दारात उभा होता.

शाळा चाकात मोडते की खिचडीत, याचा त्यानं नीट विचार केला. मुरते, म्हणजे खिचडीत. मग घड्याळ बघायचं नाही.

तो आत गेला. पुढची पोरं हाडकुळी, दाबायला काही नव्हतं. मागं खुर्चीत एक टपोरं शीत होतं. डोळे मिटलेले, तोंड उघडं. त्यानं साहेबांचा गाल दाबला. मऊ लागला.

आधी मोठ्यानं सांगायचं, हे तो विसरला नाही.

"गुरुजी, साहेब शिजले. शाळा उतरवतो."

ठण्ण.

पोरं फाटकापाशी पोचलीसुद्धा. गुरुजींनी हातोडा काढून घ्यायला हात पुढं केला, पण साहेबांकडं बघून तो हात तिथंच राहिला. साहेबांनी रिकामे बाक बघितले. गाल चोळला. मग टोपी उचलली आणि ते पोरांच्या मागोमाग चालू लागले.