दोन्ही मॅक्रे खरे

"गाय लिलावात जाईल!" न्यायमूर्ती मॅक्रे गरजले. "सार्वजनिक रस्त्यावर मोकाट जनावर सोडणं हा गुन्हा आहे."

समोर गवळ्याची मुलगी एल्सी उभी होती. घरात एकच गाय, तीही गाभण. पण एल्सीची जीभ शाबूत होती.

"साहेब, ती रस्त्यावर नव्हती. गोठलेल्या नदीवरून भटकत अलीकडे आली."

"गोठलेली नदी म्हणजे रस्ताच! मंत्री असताना मीच तसा कायदा केलाय."

"पण वकील असताना आपण इथेच सांगितलं होतं, की गोठली तरी नदी ती नदीच. त्यावर लाकूडव्यापाऱ्याचा रस्त्याचा कर माफ करून घेतलात!"

कोर्टात खसखस पिकली. कॅनडातल्या त्या गावाला साहेबांची सगळी कारकीर्द पाठ होती. आधी नामांकित वकील, मग मंत्री, आणि सरकार गडगडायच्या बेताला आलं तसे अलगद न्यायमूर्ती! मतं दर खुर्चीबरोबर बदलली. पण आपण चुकलो, असं साहेब कधी म्हणाले नाहीत.

साहेब लालबुंद झाले. "ठीक आहे! वकील मॅक्रे खरे आणि मंत्री मॅक्रेही खरे, हे सिद्ध कर. एकाला जरी खोटं पाडलंस, तर गाय गेली!"

एल्सीने जरा विचार केला. "साहेब, काल आपणही पलीकडूनच आलात ना? कसे आलात?"

"पुलावरून. दिवसभराचा वळसा!"

"नदीवरून का नाही?"

"वेडी आहेस का? बर्फ कच्चा झालाय. गावाने वाटेवरच्या फांद्यासुद्धा उपटल्यात!"

"तेच म्हणते मी! थंडीत गाव बर्फात झाडाच्या फांद्या रोवून वाट आखतं. फांद्या उभ्या, तोवर रस्ता. तेव्हा मंत्रीसाहेब खरे. फांद्या उपटल्या, की नदी. तेव्हा वकीलसाहेब खरे. माझी गाय काल काठाला लागताच पकडली, म्हणजे फांद्या उपटल्यानंतर. हवालदारसाहेब काठावरच थांबले होते, बर्फावर पाय ठेवला नाही त्यांनी. आणि ज्या रस्त्याने खुद्द न्यायमूर्ती यायला घाबरतात, तो कसला रस्ता?"

साहेब टेबलावर थाप मारून असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं.

"एकाच खटल्यात दोन्ही बाजूंनी मीच जिंकलो! सोडा ती गाय. वासरू होईपर्यंत तिचा चारा माझ्या तबेल्यातून जाईल. हवालदार, गायीला घरी पोचवून या."

हवालदाराने खिडकीतून पाहिलं. एल्सीचं घर नदीपलीकडे अगदी समोर दिसत होतं. "पुलावरून, साहेब? दिवसभर चालत?"

"मग काय!" साहेब म्हणाले. "समोर तर नदी आहे!"