भिंतीकडची पंगत

हे धारजाईचं देऊळ, आणि ही त्याच्या पटांगणाभोवतीची दगडी भिंत. छातीएवढी उंच, चुना न लावता नुसते दगड रचून केलेली. आखाडातल्या शेवटच्या मंगळवारी आमचं सगळं कारवणे गाव या भिंतीकडे तोंड करून जेवतं. तुम्ही नेमके आजच आलात, म्हणून सांगतो. देवळाच्या ओवरीत दोन पातेली ठेवलेली असतात. एकात वाटाण्याची आमटी, दुसऱ्यात बोकडाचा रस्सा. एकेकानं एकट्यानं आत जायचं, हवं ते पानात घ्यायचं, वर दुसरी पत्रावळ झाकायची आणि भिंतीशी येऊन बसायचं. दोघांच्या मध्ये दीड हात जागा सोडायची. शेजाऱ्याच्या पानात डोकवायचं नाही, काय घेतलंस म्हणून विचारायचं नाही आणि आपण होऊन सांगायचंही नाही. नवऱ्यानं बायकोलासुद्धा नाही.

मागे एक पेपरवाले आले होते. त्यांनी छापलं, की इथे शाकाहारी आणि मांसाहारी गुण्यागोविंदानं एका पंगतीला बसतात, खेड्यातली माणसं बघा किती समजूतदार. ते कात्रण शाळेत चिकटवलंय. समजूतदार कसले डोंबलाचे! आमच्या पूर्वजांइतकी दुष्ट माणसं या डोंगरात दुसरी झाली नसतील. त्यांत सगळ्यांत दुष्ट होता तो पाटील, आणि मी त्याच्याच घरातला. तेव्हा मी काही वाढवून सांगतोय असं समजू नका. उलट घरात ऐकलं त्यातलं थोडं गाळूनच सांगतो.

फार जुनी गोष्ट. किती पिढ्या झाल्या ते कुणालाच सांगता येत नाही. लागोपाठ तीन वर्षं पाऊस पडला नाही. गुरं गेली, मग माणसं जायला लागली. अशात एक बैरागी देवळात उतरला. तो म्हणे म्हणाला, बारा वर्षं या गावात जीव मारू नका, मांस तोंडाला लावू नका, पाऊस परत येईल. एका जरी तोंडानं हे मोडलं तरी पाऊस पाठ फिरवेल. गावानं धारजाईसमोर बेलभंडारा उचलला आणि शपथ घेतली. बैराग्याचं सांगणं एवढंच होतं. जे तोंड मांस खाईल ते कड्यावरून खाली जाईल, ही पुस्ती आमच्या रायाजी पाटलानं जोडली, आणि गावानं तिलाही मान डोलावली.

त्या वर्षी पाऊस आला. पुढच्या वर्षीही आला. अकरा वर्षं अशी गेली की कारवण्याचं नाव घाटाखालीही झालं. शिकारीवर वाढलेलं गाव, पण आता शुद्ध, सोवळं. गावाला त्याचा ताठाही आला. आसपासच्या वाड्यांवरचा माणूस पाणी प्यायला आला तर त्याला ओसरीखालीच थांबवायचे. रायाजीची एक विधवा आत्या होती, ठकूआत्या. तिचं नाक तिखट, म्हणून दर अवसेला देवळासमोर उभं राहून प्रत्येकाचं तोंड हुंगायचं काम तिच्याकडे दिलं होतं. लहानमोठ्या सगळ्यांनी रांगेनं यायचं, आ करायचा, आत्यानं हुंगायचं आणि हात हलवून पुढं धाडायचं.

गावाचं नाव झालं म्हणूनच राही इथे सून होऊन आली. तिचं माहेर घाटाखालचं, माळकरी. त्या घरात कोंबडीचं अंडंसुद्धा कुणी हातात धरलं नव्हतं. डोंगरात मुलगी द्यायची नाही असाच त्यांचा बेत होता, पण कारवण्याचं व्रत ऐकून बापानं दिली. राहीला मुलगा झाला, सिदू. तो वर्षाचा असताना तिचा नवरा पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. त्यानंतर राही आणि सिदू, घरात एवढीच दोन माणसं.

बारावं वर्ष लागलं. मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरड्या गेल्या. चार वर्षांच्या सिदूला मुडदूस झाला. हातापायाच्या काड्या, पोट तेवढं पुढं आलेलं, आणि मान धरवेना. राहीनं नाचणीची पेज दिली, उसनं दूध मागून आणून दिलं, काही लागू होईना. एक वैदू वाटेनं चालला होता, त्यानं पोर पाहिलं आणि सांगितलं, "खेकड्याचा रस पाज. न्हाईतर आठ दिसांत हे जाईल."

राही एक अख्खा दिवस दारात बसून राहिली म्हणतात. गळ्यात माळ, मांडीवर पोर. शपथ मोडली तर लांबलेला पाऊस यायचाच नाही आणि गाव मरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा त्यावर विश्वास होता. गावातल्या कुणाहीपेक्षा तिचाच जास्त होता. संध्याकाळी तिनं माळ काढून खुंटीला अडकवली, आटलेल्या ओढ्यातले दगड उलथून तीन खेकडे काढले, जन्मात पहिल्यांदा जिवंत प्राण्यावर दगड घातला, फडक्यातून रस गाळला आणि पोराला पाजला. स्वतः थेंबही चाखला नाही. हात राखेनं घासून घासून सोलवटले. असं तिनं सात दिवस केलं.

आठव्या दिवशी सिदू उभा राहिला. दहाव्या दिवशी अंगणात धावायला लागला. घात झाला तो इथे. मरणाला टेकलेलं पोर धावताना पाहून गावाला आनंद झाला नाही. पाटील दारात येऊन म्हणाला, "ह्ये उभं कशानं ऱ्हायलं?"

अवस यायला वेळ होता, पण त्यानं त्याच दिवशी सगळ्या गावाला या पटांगणात बोलावलं. ठकूआत्यानं सिदूच्या तोंडाशी नाक नेलं आणि लगेच म्हणाली, "खेकडा." अकरा वर्षं जिनं खेकडा खाल्ला नाही तिला तो इतक्या झटकन कसा ओळखू आला, हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही.

रायाजीनं सिदूचा दंड धरला. जे तोंड मांस खाईल ते खाली जाईल. चार वर्षांच्या तोंडाला सूट, असं शपथेत कुठं सांगितलं होतं? राही पुढं आली आणि म्हणाली, "त्यानं न्हाई, म्या खाल्ला. तेच हात न धुता त्याला भात भरवला, त्याचा वास येतुया."

पाटील हसला म्हणे. "तू? माळकऱ्याची लेक? तू खाल्लास?"

"व्हय. खाल्ला."

"मंग खाऊन दाव."

दोन गडी ओढ्यावर धाडले. ते तीन खेकडे घेऊन आले, जिवंत. राहीनं भाजायला विस्तव मागितला. पाटील म्हणाला, व्रताच्या गावात खेकड्याला विस्तव मिळायचा नाही. तिनं पहिला तसाच तोंडात घातला. नांगीनं ओठ फाटला. पहिला घास ओकारीबरोबर परत आला, तेव्हा रायाजी म्हणाला, "सवयीच्या माणसाला उमळत न्हाई," आणि त्यानं पुन्हा सिदूचा दंड धरला. राहीनं वर आलेला तो घास गिळला. मग दुसरा खेकडा खाल्ला, मग तिसरा. कवच दातांखाली फुटल्याचा आवाज पटांगणभर ऐकू येत होता. गाव गोल करून उभं होतं, कुणीही घरी गेलं नाही. ठकूआत्यानं सिदूला आपल्या पुढ्यात धरून ठेवलं होतं आणि त्याची मान वळवायचंही तिला सुचलं नाही.

सगळं संपल्यावर राहीनं आ करून पाटलाला तोंड दाखवलं. रायाजीनं आत पाहिलं आणि म्हणाला, "ह्येच तोंड."

देवळामागचा तो कडा. आम्ही त्याला राहीचा कडा म्हणतो. तिकडे नेताना ती सिदूला एवढंच बोलली, "समदं खात जा रं. पानात टाकू नगंस." तिला ढकलावं लागलं नाही, असं काही जण सांगतात. आमच्या घरात मात्र ढकललं असंच सांगतात.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. आता तुम्हीच बघा दैवाची गंमत. गावाला वाटलं, आपण केलं तेच बरोबर. पापी तोंड गेलं म्हणून पाऊस आला. आनंदानं गावजेवण घातलं. याच पटांगणात समोरासमोर पंगती बसल्या, पुरणाचा स्वयंपाक, मध्ये रायाजी. आणि वाढपी भात घेऊन निघाले तेवढ्यात देवळाच्या वरच्या घळीतून लोंढा फुटला.

पाण्याबरोबर हाडं आली. आधी दोनचार, मग टोपलीभर, मग मोजदाद नाही. सशांची, तितरांची, भेकरांची, शेळ्यांची. त्या अकरा वर्षांत कारवण्याच्या शेळ्या वाघानं फार नेल्या होत्या, त्या सगळ्या परत आल्या. पानांवर, मांडीवर, पुरणात हाडं येऊन पडली. अकरा वर्षं घराघरात दार लावून, चूल झाकून मांस शिजत होतं. उकिरड्यावर हाडं टाकली तर कुत्री बोभाटा करतील, म्हणून प्रत्येक जण गुपचूप वर जाऊन घळीत टाकायचा. प्रत्येकाला वाटायचं, शपथ मोडणारे आपण एकटेच. अवसेच्या आधी चार दिवस खाल्लं नाही की आत्याच्या नाकाला कळत नाही, हेही ज्यानं त्यानं आपापलं शोधून काढलं होतं. आणि आत्या तरी काय, तिच्या घरची हाडं त्यात नव्हती थोडीच.

सबंध गावात शपथ पाळणारं एकच तोंड होतं, आणि ते तीन दिवसांपूर्वी कड्याखाली गेलं होतं.

रायाजीनं खराटे आणायला सांगितले. हाडं भरून पुन्हा घळीत टाकली, पानं बदलली आणि पंगत परत बसवली. होय, परत बसवली. सांगताना मलाच लाज वाटते, पण भूक लागली होती म्हणून लोक जेवायला बसले.

सिदू ठकूआत्याजवळ होता. तिनं त्याच्यापुढं पान मांडलं, आणि समोरच्या ओळीतल्या कुणीतरी पोराकडे पाहिलं. पोरानं हातातला घास खाली ठेवला आणि आ करून तोंड दाखवलं. त्या माणसानं नजर फिरवली, तर शेजारच्यानं पाहिलं. पोरानं त्यालाही दाखवलं. ओळीतल्या प्रत्येकाला त्यानं एकेक करून तोंड दाखवलं. रिकामं तोंड. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी आत्यानं घरी भरवून पाहिलं. तिचा चेहरा समोर आला की आ करायचा, आणि त्यात घास घातला की थुंकून टाकून पुन्हा रिकामं तोंड दाखवायचा. आता गावाला पोराचा पुळका आला होता. कुणी दूध आणलं, कुणी तूप, कुणी चोरून मटणाचा रस्सा. दारात गर्दी करून बघत उभे राहायचे, आणि पोर प्रत्येकाला तोंड दाखवायचं. चार दिवस झाले. बरगड्या पुन्हा वर आल्या, मान पुन्हा कलायला लागली. ज्याच्यासाठी ती बाई गेली, ते पोरही आता हातचं जाणार हे सगळ्यांना दिसत होतं.

पाचव्या दिवशी ठकूआत्यानं गाव गोळा केलं. पाटलाला विचारलं नाही. ओवरीत दोन पातेली ठेवायला लावली, एक साधं, एक मांसाचं. याच्या पोटाला काय लागतं ते ठरवायचा आपल्याला हक्क राहिलेला नाही, असं ती म्हणाली. मग तिनं सगळ्यांना या भिंतीकडे तोंड करून बसायला लावलं. पाटलालाही. पोराला एकट्याला ओवरीत सोडलं आणि ती स्वतः येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. "जो मागं वळंल," ती म्हणाली, "त्येला म्या कड्यावरनं घालीन."

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. पाऊस चालू होता, गाव भिजत होतं. मग पातेल्यावरचं झाकण सरकलं.

सिदूनं कुठल्या पातेल्यातलं घेतलं, हे आजतागायत कुणाला माहीत नाही, कारण पाहिलंच नाही कुणी. तो जगला. मोठा झाला, त्याला मुलंबाळं झाली. पण म्हातारपणी तोंडात एकही दात नसतानासुद्धा, कुणी नवा माणूस एकदम समोर आला की तो आ करून उभा राहायचा, असं सांगतात. ठकूआत्यानं पुन्हा कुणाचं तोंड हुंगलं नाही. रायाजी पाटील मात्र चांगला नव्वदीपर्यंत जगला आणि खाटेवर सुखानं मेला. पापाची शिक्षा मिळते वगैरे तुम्ही ऐकलं असेल. आमच्या गोष्टीत तसं झालेलं नाही.

चला, पंगत बसतेय. तुम्हीही जेवा. आत जाऊन तुम्हाला पटेल ते घ्या, फक्त फोन खिशात राहू द्या.

आजही कारवण्यात लहान मुलाला "तोंड उघड" असं कुणी म्हणत नाही. घास भरवताना नाही, औषध देताना नाही. पोलिओचे थेंब पाजायला तालुक्याहून बाई येतात. नव्या बाई आल्या, की आया त्यांना आधीच बाजूला घेऊन सांगतात, बाई, तेवढं म्हणू नका, पोर आपलं आपण उघडेल. मग त्या बाई हातात बाटली धरून, दुसरीकडे बघत, थांबून राहतात.