लाइनीचा दोरा

"मग आता तरी पायाशी बसू द्याल ना, बाबा?"

प्राध्यापक उपलेंचवार आडकूबाबांच्या झोपडीसमोर उभे होते. बुटांना ओली माती, हातात जाड वही. सूर्य नुकताच वर आला होता, आणि ते वावर तुडवत तरातरा आले होते.

तीन वर्षांपूर्वीही ते असेच शिष्य व्हायला आले होते. "मला पाच भाषा येतात," म्हणाले होते. त्यावर बाबा एवढंच बोलले होते, "एका शब्दाची तरी ओळख करून घे. मंग ये, बस."

"कोनता शब्द आनला?" बाबांनी विचारलं.

"लाइन."

आणि प्राध्यापक सुरू झाले. विद्वान माणूस एकदा सुरू झाला की त्याला थांबवायला देवच लागतो. रेशनची लाइन, रेल्वेची लाइन, पोलीस लाइन, फोनची लाइन, कवितेची लाइन. कॉलेजातली पोरं मारतात तीही त्यांनी सोडली नाही. त्रेचाळीस अर्थ सांगून झाले तेव्हा ऊन झोपडीच्या दारात आलं होतं.

"आन् आली कुठून ते?"

"लॅटिनमधून, बाबा. तिकडे एक रोप आहे, लिनम. त्याच्या दोऱ्याला लिनिया म्हणत. आधी नुसता दोरा. मग दोऱ्यासारखं सरळ जे जे, ते सगळं लाइन."

"रोप दिसते कसं?"

"गुडघ्याएवढं. बियांचं तेल निघतं. फूल निळं, सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत गळतं... असं वाचलंय."

"पाह्यलं?"

"नाही... आपल्याकडे कुठलं मिळायला?"

वावर थेट झोपडीच्या पायरीपर्यंत आलेलं होतं. बाबांनी बसल्या जागेवरून एक रोप उपटलं. देठ दगडानं ठेचला, साल सोलली, मांडीवर पीळ दिला. वीतभर दोरा झाला. तो त्यांनी प्राध्यापकांच्या उघड्या वहीवर ताणून धरला.

सरळ.

रोपाची एक निळी पाकळी पानावर पडली.

प्राध्यापकांनी मान वर केली. पार नाल्यापर्यंत वावर निळं होतं. याच निळ्यातून ते आले होते. बुटाला दोन पाकळ्या चिकटलेल्या होत्या. केवढी राज्यं, केवढे समुद्र ओलांडलेला तो शब्द आज पहाटे इथे उमलला होता.

"बाबा... याला काय म्हणतात?"

"जवस."

वाऱ्यानं पाकळ्या गळत होत्या.

प्राध्यापकांनी वही मिटली. "जन्मभर ताटात होतं... मला ओळख नाही झाली, बाबा. येतो मी."

त्यांनी बूट काढून हातात घेतले आणि ते बांधाच्या वाटेला वळले.

"बाबू," मागून आवाज आला, "बस आता. भाकर खाय... चटनी जवसाचीच हाय."