सगुणाबाईच्या गाडीच्या खिडक्या

फार लांब नव्हे, सकाळी निघालं तर न्याहारीला पोचता येईल अशा अंतरावर एक रान होतं. त्या रानावर पांढऱ्या अस्वलांचं राज्य होतं. ही अस्वलं बर्फाच्या मुलखातून जहाजात बसून आली होती. आधी ती म्हणाली, आम्ही नुसता मध विकत घ्यायला आलोय. मग म्हणाली, मधाच्या राखणीला चार शिपाई ठेवतो. मग शिपायांच्या राखणीला आणखी शिपाई आले, आणि एक दिवस प्राण्यांच्या लक्षात आलं की आपल्यावर राज्य सुरू झालंय.

त्या रानात सगुणाबाई नावाची म्हैस राहायची. नवरा गेल्यावर तिनं त्याची मोटारगाडी स्वतः चालवायला घेतली होती. उन्हाळ्यात बोरदऱ्याचे ओढे आटले की सगळं रान मोठ्या तळ्याकडे निघायचं. पाय धड असलेले चालत जात. म्हातारे, लंगडे, गाभण्या आणि अंडी घेऊन निघालेल्या कोंबड्या सगुणाबाईच्या गाडीनं जात. गाडीला वर छप्पर होतं आणि बाजू उघड्या होत्या. वारा इकडून शिरायचा, तिकडून निघून जायचा.

एकदा गव्हर्नरसाहेबांच्या बाईसाहेबांनी त्या गाडीतून एका डुकराचा पाय बाहेर लोंबताना पाहिला. त्यांना ते असभ्य वाटलं. दुसऱ्याच आठवड्यात सरकारी राजपत्र निघालं. त्यात लिहिलं होतं की, सार्वजनिक मोटारगाड्यांच्या बांधणीचे नियम करण्यात येत असून त्यासाठी एका पांढऱ्या अस्वलाची निरीक्षक म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. सदर अस्वल उकाड्यामुळे त्याच दिवसापासून रजेवर जात असल्यानं त्याच्या जागी दुसरं अस्वल नेमण्यात येत आहे. ते मध मोजण्याच्या दौऱ्यावर असल्यानं त्याच्या जागी कूर्मदास कासव यांना हंगामी सहायक निरीक्षक नेमण्यात येत आहे.

कूर्मदासांना गाड्यांतलं काही कळत नव्हतं. पण त्यांचं घर त्यांच्या पाठीवरच होतं. ज्याला कधी गाडीत बसायचं नाही तोच गाड्यांबाबत निःपक्षपाती राहील, असं सरकारला वाटलं.

नियम मात्र रजेवर जाण्याआधी पहिल्या अस्वलानं करून ठेवले होते. बर्फाच्या मुलखातलेच उतरवून काढले होते. गाडीच्या बाजू बंद असाव्यात. खिडक्यांना जाड काच असावी आणि ती उघडू नये. मध्ये शेगडी असावी व ती प्रवासभर पेटती असावी. गाडीचा पुढचा भाग पांढऱ्या अस्वलांसाठी राखून ठेवावा आणि तिथं बर्फाची पेटी असावी. बोरदऱ्याच्या वाटेला आजवर एकही पांढरं अस्वल फिरकलं नव्हतं.

सगुणाबाई कचेरीत गेली.

"साहेब, हे सगळं थंडी आत शिरू नये म्हणून ना?"

"अर्थात," कूर्मदास म्हणाले.

"पण आमच्या वाटेवर थंडी आहे कुठं?"

"बघा. अंमल सुरू व्हायच्या आधीच नियम यशस्वी झाला."

"अहो, जीव गुदमरतील आत."

"गुदमरण्याचं खातं वेगळं आहे, बाई. तिथली नेमणूक व्हायची आहे." मग आसपास कोणी नाही असं पाहून त्यांनी मान थोडी बाहेर काढली. "मी काय करू शकतो? तुम्ही काचा बसवा. परवाना माझ्या हातात आहे, हवा नाही."

सगुणाबाईनं काचा बसवल्या. नाही बसवल्या असत्या तर गाडी बंद झाली असती, आणि मग तळ्यावर कोण कसं पोचलं असतं?

पहिल्याच फेरीला तानूबाई कोंबडी अंड्यांची टोपली घेऊन चढली. तिच्या शेजारी धोंडूतात्या हरीण बसले. पुढची जागा मोकळीच होती, पण ती राखीव, म्हणून मागे सगळे एकमेकांच्या अंगावर. नाक्यावरच्या शिपायानं शेगडी पेटलेली आहे याची खात्री केली आणि दार लावून घेतलं. थोडं अंतर गेल्यावर शेळ्या डोळे फिरवू लागल्या. आणखी थोडं गेल्यावर टोपलीतून चिवचिव ऐकू आली.

"सगुणाबाई, अहो, फुटली की अंडी," तानूबाई म्हणाली. "अजून आठवडा होता त्यांना."

तेवढ्यात धोंडूतात्यांची मान खाली पडली. सगुणाबाईनं करकचून ब्रेक दाबला. मागे येऊन तिनं एकदा काचेकडे पाहिलं, एकदा तात्यांकडे. मग मान वळवून उजवं शिंग खाण्णकन काचेवर मारलं. एकामागून एक सगळ्या खिडक्या फोडल्या. वारा आत आला. तात्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "सगुणे, बर्फाची पेटी फोडायची होतीस आधी."

चौकशी झाली. गाडी निघाली तेव्हा उतारू नियमाइतकेच होते, पोचली तेव्हा जास्त भरले. पिल्लं थांबा नसलेल्या ठिकाणी विनातिकीट आत आली, हा पहिला गुन्हा. काचा फोडल्या, हा दुसरा. कूर्मदासांनी मान आत ओढून निकाल वाचला. उन्हाळा संपेपर्यंत सगुणाबाईचा परवाना रद्द झाला. गाडीची गरज फक्त उन्हाळ्यातच असे.

त्या उन्हाळ्यात धोंडूतात्या चालत तळ्याकडे निघाले. ते पोचले नाहीत. वाटेत करवंदीच्या जाळीपाशी बसले ते बसलेच. ही बातमी आली तेव्हा सगुणाबाई उभ्या गाडीला टेकून रवंथ करत होती. तोंडातला घास तिला गिळताही येईना आणि टाकताही येईना.

तिच्याकडे पहिल्यांदा समाचाराला आले ते नीळकंठराव मोर. ते पुढारी होते. त्यांनी सगुणाबाईला एका मोठ्या सभेत नेलं आणि व्यासपीठावर आपल्या शेजारी उभं केलं.

"बंधूंनो आणि भगिनींनो," पिसारा फुलवून ते म्हणाले, "या माउलीनं काच फोडलेली नाही. हिनं बेडी तोडली आहे. उद्या आपलं राज्य येईल आणि त्या दिवशी या रानातली एकही खिडकी बंद राहणार नाही."

रानभर घोषणा घुमली: हवा आमची, खिडकी आमची. सगुणाबाईचं उजवं शिंग चळवळीची निशाणी झालं. झेंड्यावर शिंग आलं, टोप्यांवर शिंग आलं. काही वर्षांनी पांढरी अस्वलं जहाजात बसून निघून गेली. चळवळीला यश आलं, असं सगळे म्हणाले. त्याच सुमारास रानातला मधही संपला होता.

निवडणूक झाली. नीळकंठराव वाहतूकमंत्री झाले. त्यांचा पहिलाच हुकूम फार गाजला. परक्यांचे सर्व जुलमी नियम आजपासून रद्द करण्यात येत आहेत, असं त्यात म्हटलं होतं, आणि नवे नियम तयार होईपर्यंत तेच चालू राहतील. पुढच्या राखीव भागाला 'लोकसेवक कक्ष' असं नाव मिळालं. बर्फाची पेटी तशीच राहिली. कूर्मदास हंगामीचे हंगामीच राहिले, फक्त त्यांच्या कवचावर शिंगाची निशाणी रंगवण्यात आली. आणि गाडीच्या प्रत्येक काचेवर बाहेरून नीळकंठरावांचं पिसारा फुलवलेलं चित्र चिकटवायचं ठरलं. त्यामुळे आधी निदान उजेड यायचा, तोही थांबला.

सगुणाबाई बंगल्यावर गेली.

"नीळकंठराव, खिडक्या उघडायचं ठरलं होतं आपलं."

"ताई, तेव्हा खिडकी त्यांची होती. आता आपली आहे. आपलीच खिडकी आपण फोडायची?"

"फोडा कोण म्हणतंय? उघडा म्हणते."

"उघडी ठेवली की बाहेरचं आत येतं. बाहेर काय काय आहे याची तुम्हाला कल्पना नाही."

"बाहेर वारा आहे."

"तेच म्हणतो मी. तो कुठून येतो, त्याला कोण पाठवतं, चौकशी केलीत कधी?"

 सगुणाबाई परत आली आणि परवान्यासाठी पुन्हा काचा बसवलेल्या त्याच बंद गाडीनं फेऱ्या मारू लागली. दर फेरीला कोणीतरी बेशुद्ध पडायचं. लोकसेवक कक्षात मंत्र्यांचे भाचे बसत. ते मागे वळून म्हणत, अस्वलांच्या वेळी किती उकडायचं, आठवा जरा.

शेवटी एका दुपारी अंधाऱ्या गाडीत एक गाभण शेळी निपचित पडली. सगुणाबाईनं गाडी थांबवली. या वेळी तिनं फार विचार केला नाही. शिंग काचेतून आरपार गेलं आणि पलीकडे नीळकंठरावांच्या चित्राच्या बरोबर डोळ्यातून बाहेर निघालं. शेळी वाचली.

खटला उभा राहिला तेव्हा काचेचा उल्लेखही झाला नाही. आरोप होता रानद्रोहाचा. शिवाय सरकारी वकिलांनी दाखवून दिलं की उजवं शिंग ही राज्याची निशाणी आहे आणि आरोपी ती परवानगीशिवाय डोक्यावर घेऊन फिरते.

"ते माझंच आहे," सगुणाबाई म्हणाली.

"होतं," निकाल द्यायला बसलेले कूर्मदास कवचातून म्हणाले.

शिंग कापण्यात आलं. मंत्रालयाच्या दारात ते जाड काचेच्या, न उघडणाऱ्या पेटीत ठेवलं आहे. दर वर्षी नीळकंठराव तिथं हार घालतात आणि त्यांचा कंठ दाटून येतो.

सगुणाबाईची गाडी सरकारनं चालवायला घेतली. सगुणाबाई आता उन्हाळ्यात पहाटे उठते, एका बाजूला झुकलेली मान सांभाळत म्हाताऱ्यांना गोळा करते आणि त्यांच्या चालीनं तळ्याकडे निघते. सावली दिसली की सगळे थांबतात. दोन नोटिसा आल्या आहेत, परवान्याशिवाय उतारू वाहून नेल्याबद्दल. तानूबाईची पिल्लं आता मोठी झाली आहेत. त्या नोटिसा ती अंगाखाली घेऊन बसतात.

पुढच्या निवडणुकीत नीळकंठराव पहिल्यापेक्षा जास्त मतांनी आले. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या सगळ्यांचं मत पडलं की गाडी बाहेरून फार सुंदर दिसते. आतल्यांचं मत नोंदवायचं राहून गेलं, कारण मतदानाच्या दिवशी ते गाडीत होते.